खेळण्यातील नाद आणि अनामिक वादक

सायंआरतीच्या वेळी आज अनेक देवळांत एक यंत्र वाजते. विजेची कळ दाबताच त्याची दांडकी नगाऱ्यावर पडू लागतात, घंटा हलते, झांजा आपटतात. आणि कळ बंद होताच सारे एकदम स्तब्ध होते. हे यंत्र थकत नाही, चुकत नाही, आणि आरती रंगली म्हणून लय तसूभरही चढवीत नाही. ज्यांनी देवळाच्या नगारखान्यातील चौघडा आणि सनईचे सूर ऐकले आहेत, त्यांना या यंत्राविषयी जे वाटते तेच आम्हांसही वाटते. तेव्हा यंत्रसंगीताविषयी चार चांगले शब्द लिहावयास आम्हीच बसलो आहोत, हे पाहून वाचकांस नवल वाटेल. परंतु यंत्राने वादकास घालवून देणे ही एक गोष्ट झाली, आणि वादकाने यंत्रास वश करून घेणे ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीचा एक लहानसा इतिहास आहे. तो देवळात किंवा दरबारात घडलेला नाही. तो घडला मुलांच्या खेळण्यात.

क्योतो येथील निन्तेन्दो कंपनीने 15 जुलै 1983 रोजी फॅमिकॉम नावाचा, दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाचा व्हिडिओ गेम जपानात विक्रीस आणला. पुढे त्याच्या असंख्य नकला निघाल्या आणि विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्या निरनिराळ्या नावांनी आपल्याकडील घरांतही आल्या. त्यात खेळ ज्या पेटीतून घालावयाचा, तिला आपली मुले ‘कॅसेट’ म्हणत. या खेळण्याच्या मुख्य चिपमध्येच नादनिर्मितीची सोय होती, आणि ती अत्यंत तुटपुंजी होती. एकंदर आवाज पाच. त्यांपैकी दोन चौकोनी तरंगांचे, काहीसे तीव्र व नासिक्य. त्यांची जाडी चार प्रकारे बदलता येई आणि लहानमोठेपणाच्या सोळा पायऱ्या मिळत. तिसरा त्रिकोणी तरंगाचा, गोल आणि मऊ. त्याला मात्र लहानमोठेपणा मुळीच नव्हता, वाजेल तर वाजेल, नाहीतर गप्प बसेल. चौथा आवाज नुसत्या खरखरीचा, त्यातून तालवाद्याचा भास करावयाचा. पाचव्यातून ध्वनिमुद्रणाचा एखादा ओबडधोबड तुकडा वाजविता येई. बस्स, एवढीच काय ती सामग्री.

या सामग्रीतून जे निघाले, त्याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे 1985 सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ. त्याचे संगीत कोजी कोन्दो यांचे. हा संपूर्ण खेळ, चित्रे, नियम आणि संगीत धरून, 40 किलोबाइटांत बसविलेला होता. आजच्या फोनवर काढलेल्या एका साध्या छायाचित्रालाही याहून पुष्कळ अधिक जागा लागते. येथे ध्वनिमुद्रित संगीत साठविणे अशक्यच होते. साठवावयाचे ते फक्त आदेश: अमुक आवाजाने अमुक स्वर अमुक काळ वाजवावा. म्हणजे त्या पेटीत गाणे नव्हते, गाण्याची स्वरलिपी होती. आणि प्रत्येक घरातील यंत्र ती नव्याने वाचून वाजवीत होते.

उणीव पुष्कळ होती, म्हणून युक्त्याही पुष्कळ निघाल्या. एका आवाजात तीन स्वर एकाच क्षणी वाजणे शक्य नव्हते. तेव्हा ते तीन स्वर इतक्या त्वरेने एकामागून एक फिरवावयाचे, की कानाला त्यांचा समुच्चय भासावा. मारिओने उडी घेतली की तिचा आवाज वाजविण्यासाठी संगीतातील एक आवाज क्षणभर उसना घ्यावा लागे. म्हणून धून अशी बांधावयाची की एक धागा तुटला तरी वस्त्र उसवू नये. लयीचे घड्याळ म्हणजे पडद्यावरील चित्रच: ते जपानात सेकंदास साठ वेळा बदले, युरोपात पन्नास वेळा. परिणामी एकच धून पुष्कळदा जपानात द्रुत आणि युरोपात काहीशी विलंबित ऐकू येई, आणि तेथील मुलांना तीच तिची खरी लय वाटे.

येथे आमच्या संगीतप्रेमी वाचकांच्या मनात एक शंका सहजच येईल. अशा यंत्राचे स्वर पेटीच्या पट्ट्यांसारखे जखडलेले असणार. त्यात मींड कोठली, आंदोलन कोठले? याच कारणांसाठी हार्मोनिअमवर 1940 साली रेडिओवर बंदी आली होती आणि ती 1971 साली अंशतः उठली, हे अनेकांच्या स्मरणात असेल. परंतु गंमत अशी की, या बाबतीत ते खेळणे हार्मोनिअमहून पुढे होते. त्याचा स्वर पट्टीवर ठरत नसे. तो ठरे एका भागाकारावर. यंत्राच्या मूळ स्पंदनसंख्येला एका आकड्याने भागावयाचे. आकडा बदलला की स्वर बदलला. सेकंदास 440 कंपनांच्या आसपास लगतच्या दोन पायऱ्यांत दोन कंपनांचेही अंतर नसते. म्हणजे तेथे श्रुतीच्या अंतराने चढउतार करता येतो, आणि हा आकडा क्षणोक्षणी सरकविला की स्वर घसरतो किंवा डोलतो. मात्र तीन सप्तके वर गेले की त्याच पायऱ्यांतील अंतर शंभर कंपनांहून अधिक होते आणि स्वर बेसूर लागतात. जाणत्या रचनाकारांना ही मर्यादा ठाऊक असे. आपले वाद्य कोणत्या सप्तकात खरे बोलते, हे सनईवाल्याला जसे ठाऊक असते, तसेच हे.

1989 साली निन्तेन्दोनेच गेम बॉय हे हातात धरावयाचे यंत्र काढले. त्यात आवाज चार. त्याबरोबर गाजलेल्या ‘टेट्रिस’ या खेळासाठी हिरोकाझू तानाका यांनी जे संगीत सिद्ध केले, त्यात ‘कोरोबेइनिकी’ ही रशियन लोकधून होती. निकोलाय नेक्रासोव या कवीच्या 1861 सालच्या काव्यावरून प्रचारात आलेले हे फेरीवाल्यांचे गाणे. रशियाचे नावही नीट न ऐकलेल्या मुलांच्या ओठांवर ते असे जाऊन बसले. लोकगीताचा प्रवास कोणत्या वाहनाने होईल, हे सांगता येत नाही, हेच खरे.

आतापर्यंत या यंत्रातून संगीत काढणारे लोक कंपन्यांचे नोकर होते. पुढचे वळण अधिक महत्त्वाचे. गेम बॉय जुना होऊन बाजारातून उतरू लागला असता, 1998 साली हॅम्बुर्ग येथील ओलिव्हर विट्टशोव या कलाविद्यार्थ्याने ‘नॅनोलूप’ हा कार्यक्रम रचला. आणि 2000 साली स्वीडनच्या योहान कोत्लिन्स्की यांनी ‘लिटल साउंड डीजे’ हा दुसरा. दोहोंचे कार्य एकच: खेळण्याच्या पेटीच्या जागी ही पेटी घातली की खेळणे वाद्य बनते. ज्याला खेळावयाचे होते त्याने आता वाजवावे, अशी ही उलटापालट होती. 2006 सालापासून न्यूयॉर्कमध्ये ‘ब्लिप’ नावाचा महोत्सव भरू लागला, आणि तेथे कलावंत हातात गेम बॉय घेऊन श्रोत्यांसमोर उभे राहिले.

‘लिटल साउंड डीजे’ची लेखनपद्धती आपल्या वाचकांना मुळीच परकी वाटू नये. त्यात संगीताचे सर्वांत लहान वाक्य सोळा पायऱ्यांचे असते. ती एकाखाली एक मांडलेली असतात. वाक्यांची माळ, आणि माळांचे गीत. त्रितालाच्या सोळा मात्रा तेथे जशाच्या तशा बसतात. झपताल हवा असेल तर दहाव्या पायरीनंतर पुन्हा आरंभी उडी घेण्याचा एक आदेश लिहावयाचा. रूपक हवा असेल तर सातव्यानंतर. स्वर लांबविणे, घसरविणे, डोलविणे, यांसाठी एकेक अक्षराची खूण आहे. पंडित भातखंडे यांनी बंदिशी कागदावर उतरविण्यासाठी खुणा ठरविल्या, ग्वाल्हेर येथे 1918 साली स्थापन झालेल्या माधव संगीत विद्यालयात त्यांच्या पद्धतीने शिक्षण सुरू झाले, तेव्हाही अनेकांनी विचारले असेल की संगीत खुणांत मावेल काय? संगीत खुणांत मावत नाही, हे सत्य आहे. परंतु खुणेविना पुष्कळसे संगीत नाहीसे होते, हेही तितकेच सत्य आहे.

नाहीसे होण्याचा प्रश्न येथे अक्षरशः खरा आहे. या पेटीतील रचना एका लहानशा बॅटरीच्या आधारावर टिकतात. बॅटरी संपली की वर्षांचे काम निमिषात पुसले जाते. त्यामुळे या कलेचे उपासक आपल्या रचनांच्या प्रती काढून ठेवण्याविषयी दक्ष असतात. जुन्या खेळांतील संगीताचे आदेश वेगळे काढून जतन करण्याचे कामही अशाच हौशी लोकांनी केले आहे.

परंतु सूर जतन झाले, तरी नावे? त्या काळी जपानमधील कित्येक कंपन्या आपले कर्मचारी प्रतिस्पर्ध्याने पळवू नयेत म्हणून खेळात त्यांची खरी नावे देत नसत. 1986 साली कोनामी कंपनीच्या ‘कॅसलव्हेनिया’ या खेळाचे संगीत किनुयो यामाशिता आणि सातोए तेराशिमा या दोघींनी केले. खेळाच्या अखेरीस मात्र संगीतकार म्हणून नाव येते ते ‘जेम्स बनाना’ असे थट्टेचे. जगभर मुलांनी ज्यांच्या धुना गुणगुणल्या, त्या दोन स्त्रिया केळ्याच्या नावाआड झाकल्या गेल्या होत्या. रसिकांनी पुढे शोध घेतला, म्हणून आज त्यांची खरी नावे आपण लिहू शकतो. 2023 साली अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जतनयोग्य ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय सूचीत कोन्दो यांच्या मारिओच्या धुनीचा समावेश केला. व्हिडिओ गेमच्या संगीताला त्या सूचीत मिळालेले हे पहिले स्थान.

हा सर्व वृत्तांत आम्ही देवळाच्या वाचकांपुढे का मांडला, हे आता सांगितले पाहिजे. गोमंतकाच्या देवळांनी संगीताला काय दिले हे आम्हांस अभिमानाने ठाऊक आहे. केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर ही नावे आपल्या ओठांवर आहेत. केसरबाईंचा स्वर तर 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर सूर्यमालेपलीकडील प्रवासास निघाला. परंतु ज्यांच्या पंक्तीत बसून ही माणसे घडली, ते पालखीपुढचे सनईवादक, घुमट आणि शामेळ वाजविणारे, कीर्तनास साथ करणारे, उत्सवातील गायिका, यांपैकी किती जणांची नावे आपण सांगू शकू? सेवा देवाची, मग नावाची काय गरज, असे आपण म्हणत आलो. त्या म्हणण्यात विनय होता. कधी कधी उपेक्षाही होती.

सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या वादकाचे नाव ठाऊक असलेली माणसे आज गावोगावी थोडीच उरली आहेत, आणि त्यांची स्मृती त्या पेटीतील बॅटरीसारखीच आहे. नगारखान्यात विजेचे यंत्र बसवावे की नाही, हा वाद ज्या त्या महाजनांनी सोडवावा. परंतु ते बसण्यापूर्वी तेथे कोण वाजवीत होते, एवढे तरी एका वहीत लिहून ठेवावे. परक्या देशातील रसिकांनी एका खेळण्यातील संगीतकारांसाठी जे केले, ते आपल्या देवाच्या दारात सेवा केलेल्यांसाठी करणे आपल्याला जड जाऊ नये.