गाजरगवताची अंगाला सवय होत नाही, खाज दरवर्षी वाढतेच. असं का होतं?

खरिपाची खुरपणी सुरू झाली की गावोगाव काही जणांच्या अंगाला खाज सुटते. आधी पापण्या सुजतात, मग मानेवर आणि कोपराच्या घडीत लाल चट्टे उठतात. खाजवून खाजवून कातडी जाड आणि काळपट होते. कुणी म्हणतं अंगात उष्णता झाली, कुणी खरजेचं मलम आणून लावतं. आणि हमखास कुणीतरी सांगतं, 'काही नाही, दोन वर्षं काढ, अंगाला सवय होईल.'

हा शेवटचा सल्ला सगळ्यात महागात पडतो. बांधावरच्या गाजरगवताची ॲलर्जी एकदा जडली की तिची सवय होत नाही. पहिल्या वर्षी पावसाळ्यापुरता असलेला त्रास पुढे बारमाही होतो. काहींना तर ऊनसुद्धा सोसत नाही. ज्याचं पोट शेतावर आहे त्याला शेतात पाय ठेवता येत नाही, अशी वेळ येते.

हे गवत आपलं नव्हेच. मूळ मेक्सिको, मध्य अमेरिकेकडचं. आपल्याकडे १९५५ च्या सुमारास ते पुण्यात नजरेत आलं. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं, असं सांगितलं जातं. काँग्रेस गवत, चटकचांदणी, पांढरी फुली अशी त्याची नावं तालुक्यागणिक बदलतात. १९७० च्या दशकात पुण्यातल्या त्वचारोगाच्या डॉक्टरांनी त्यापासून होणाऱ्या त्वचारोगाची रीतसर नोंद केली. आज रस्त्याच्या कडेला, पडीक रानात, शाळेच्या मागे, कुठंही बघा, ते आहेच.

शरीर शत्रू कुणाला समजतं?

गाजरगवताच्या पानावर, खोडावर आणि फुलावर बारीक लव असते. तिच्यात पार्थेनिन नावाचं रसायन असतं. हे रसायन कातडीला लागलं की आत मुरतं आणि कातडीतल्या प्रथिनांना चिकटतं. कातडीत रोगप्रतिकारशक्तीच्या पहारेकरी पेशी असतात. त्यांना ही चिकटलेली जोडगोळी परकी वाटते. त्या ती उचलून काखेतल्या, मानेतल्या गाठींपर्यंत नेतात आणि तिथल्या 'टी' पेशींना दाखवतात. टी पेशी ती ओळख पक्की करतात. या शिकण्याला साधारण १० ते १४ दिवस लागतात आणि तोवर माणसाला काहीच जाणवत नाही.

घोटाळा पुढं आहे. एकदा शिकलेल्या टी पेशी अंगात वर्षानुवर्षं टिकतात. गोवराची लस लहानपणी घेतली तरी शरीर ती विसरत नाही, तसंच हे. फरक इतकाच की इथं शरीराने ज्याला शत्रू ठरवलं तो रोगजंतू नाही, एक गवत आहे. पुढच्या वेळी गवताची नुसती धूळ लागली तरी पेशी धावून येतात आणि स्वतःच्याच कातडीची नासधूस करतात. म्हणून सवय होत नाही. उलट जितका संपर्क जास्त, तितका त्रास वाढायची शक्यता जास्त.

दुसरी अडचण वेळेची. ही प्रतिक्रिया उठायला एक ते तीन दिवस लागतात. सोमवारी गवत उपटलं तर खाज मंगळवारी किंवा बुधवारी सुटते. तोवर माणूस फवारणी करून आलेला असतो, नाहीतर लग्नात वांग्याची भाजी खाऊन आलेला असतो. दोष औषधाला किंवा वांग्याला जातो आणि गवत सुटतं.

शिंकांचं मात्र वेगळं आहे. गवत फुलोऱ्यात असताना परागकण हवेत उडतात. ज्याला त्याचं वावडं आहे त्याच्या रक्तात 'आयजीई' नावाची प्रतिपिंडं तयार झालेली असतात. पराग नाकात गेला की काही मिनिटांत पेशींमधून हिस्टामिन बाहेर पडतं. मग शिंका, नाकाला पाणी, डोळ्यांना चुरचुर आणि काहींना दम्याची धाप. म्हणजे गवत एकच, पण त्याच्याशी भांडणाऱ्या शरीराच्या तुकड्या दोन. शिंकांना जी सेट्रिझिनची गोळी लागू पडते ती अंगावरच्या चट्ट्यांना फारशी लागू पडत नाही, त्याचं कारण हेच.

एकाच वावरात दहा जण खुरपतात आणि एकालाच त्रास होतो. यात काही भाग अनुवंशाचा असतो, काही संपर्क किती आणि किती वर्षं झाला याचा. 'आमचं आयुष्य मातीत गेलं, आम्हाला कसली ॲलर्जी' हे म्हणणं अगदीच खोटं नाही. जर्मनीतल्या बव्हेरिया भागात झालेल्या अभ्यासांत गोठ्याच्या सान्निध्यात वाढलेल्या मुलांना दमा आणि शिंकांचा त्रास कमी आढळला. पण तो फायदा लहानपणीच्या गोठ्याचा. चाळिशीत गाजरगवत हाताने उपटणाऱ्याला त्याचं संरक्षण मिळेल असं धरून चालू नये. हा त्वचारोग बहुतेकदा मोठ्या वयातच सुरू होतो.

धूर आणि धुराळा आगीत तेल ओततात

नाक आणि श्वासनळीच्या आतल्या अस्तरावर बारीक केस असतात. ते अडकलेली धूळ शेंबडासकट बाहेर ढकलत राहतात. चुलीचा धूर, जाळलेलं पाचट, ट्रॅक्टरच्या डिझेलची काजळी यांतले बारीक कण या अस्तराला इजा करतात. २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण तर थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून त्यांच्या बारीकपणाचा अंदाज यावा. तळाशी जंतू आणि कचरा गिळणाऱ्या पेशी असतात. काजळीने त्या भरल्या की जंतू गिळायचं काम मागे पडतं. चुलीजवळ वाढणाऱ्या लहान पोरांना न्यूमोनियाचा धोका जास्त असतो तो यामुळे. डिझेलच्या काजळीबरोबर पराग नाकात गेला तर आयजीई आणखी जास्त तयार होतं, हेही प्रयोगांत दिसलं आहे.

वर्षाच्या सरासरीत एक घनमीटर हवेत असे बारीक कण ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं. आपल्या देशाची मर्यादा ४० आहे. चूल पेटलेल्या बंद स्वयंपाकघरात हे दोन्ही आकडे कुठल्या कुठे मागे पडतात. घरात गॅस आहे आणि पाणी तापवायला, भाकरीला चूल, असं बहुतेक घरी चालतं. निदान चूल पडवीत घेतली तरी फरक पडतो.

भिजून बुरशी धरलेला कडबा किंवा भुसा हलवताना वेगळाच प्रकार होतो. बुरशीचे बीजाणू फुप्फुसात जातात आणि चार ते आठ तासांनी ताप, थंडी, खोकला, धाप लागते. रात्री हिवताप म्हणून गोळ्या घेतल्या जातात आणि सकाळी माणूस पुन्हा त्याच गंजीजवळ. असं वारंवार झालं तर फुप्फुस कायमचं आकसतं. असा कडबा हलवताना आणि सोयाबीनची मळणी चालू असताना नुसता गमछा पुरत नाही, एन-९५ मास्क लावावा.

सुईची घाई नको

गावाकडे खाजेवर एक सुई मारली की दोन दिवसांत आराम पडतो. ही सुई बऱ्याचदा स्टेरॉइडची असते. स्टेरॉइड वाईट औषध नाही. तज्ज्ञ डॉक्टर ते मोजून देतात आणि मोजून कमी करतात. पण दर पंधरवड्याला आंधळेपणाने घेतलं तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो आणि जंतूंशी लढायची ताकद कमी होते. मेडिकलमधून आणलेल्या मिक्स मलमांतही पुष्कळदा स्टेरॉइड असतं. ते तोंडाला फासू नये.

दुसरी गोष्ट, 'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणून विकली जाणारी पावडर. ॲलर्जीत प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती चुकीच्या ठिकाणी जोर लावत असते. त्यामुळे अशा पावडरीवर पैसे घालवण्याआधी निदान करून घेतलेलं बरं. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो, तिथे पॅच टेस्टची चौकशी करावी. पाठीवर पट्ट्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढून बघतात आणि नंतर पुन्हा एकदा बघतात. दुखत नाही, पण दोन-तीन खेपा होतात. मजुरी बुडते खरी, तरी वर्षानुवर्षं मलमं आणण्यापेक्षा स्वस्त पडतं. गाजरगवताचं वावडं निघालं तर शेवंती आणि सूर्यफुलापासूनही जपावं लागतं, ही एकाच कुळातली झाडं. त्रास फार असेल तर डॉक्टर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या देतात. त्या रक्ततपासणीशिवाय परस्पर चालू ठेवू नयेत.

धाप लागून बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर घरी वाफ देत बसू नका. १०८ ला फोन लावा.

गवत काढायचं कधी आणि कुणी?

फुलं यायच्या आत, जमीन ओली असताना, मुळासकट. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यातच ते फुलावर येतं आणि चांगलं पोसलेलं एक झाड १५ ते २५ हजार बिया टाकतं. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि तोंडाला फडकं हवंच. काम संपलं की कपडे वेगळे धुवावेत. ज्याच्या अंगावर एकदा चट्टे उठले आहेत त्याने हे काम करूच नये, घरातल्या दुसऱ्याने करावं. वाळलेलं गवतही निरुपद्रवी नसतं. वाळल्यावर लव तुटून धुळीत मिसळते, म्हणून ढीग घालून ते घराजवळ ठेवू नये आणि पेटवूनही देऊ नये. फुलावर आलेलं नसेल तर कंपोस्टच्या खड्ड्यात चालतं.

पडीक जागेत तरोटा दाट उगवला तर तो गाजरगवताला दाबतो. पावसाळ्यात पानांवर पिवळसर, काळ्या रेघांचे छोटे भुंगे दिसले तर ते मारू नका. १९८४ मध्ये बंगळुरूजवळ मुद्दाम सोडलेल्या मेक्सिकन भुंग्यांची ती पिलावळ आहे आणि हेच गवत खाऊन ती जगते.