वळण सांगणारा दिवा

मोटारसायकल चालवणाऱ्याच्या उजव्या हाताकडे किती कामे असतात, ती एकदा मोजून पाहावीत. मुठीत अॅक्सिलरेटर, बोटांखाली पुढचा ब्रेक, आणि हँडलचा निम्मा तोलही त्याच हातावर. आता आपल्याकडचे १९८९ चे रस्त्याचे नियम पाहा. उजवीकडे वळायचे असेल तर उजवा हात आडवा धरून तळवा पुढे करावा आणि डावीकडे वळायचे असेल तर तोच उजवा हात लांब करून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावा, असे त्यात सांगितले होते. २०१७ मध्ये त्या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली. मोटारीत उजव्या बाजूला बसून खिडकीतून हात काढणाऱ्या चालकाला ही खूण सोयीची. दुचाकीवाल्याने मात्र वेग कमी करायच्या नेमक्या क्षणी अॅक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही सोडायचे, असा त्याचा अर्थ होई. यांत्रिक किंवा विजेच्या साधनाने इशारा देण्याची मुभा त्याच नियमांत होती, हे बरे झाले. मोटारीतला इंडिकेटर ही एके काळी चैन असेल. दुचाकीवर ती पहिल्यापासून गरज होती.

हाताचे काम यंत्राकडे सोपवण्याची खटपट मात्र मोटारीपासून सुरू झाली. मूकपटांच्या जमान्यातली अभिनेत्री फ्लॉरेन्स लॉरेन्स हिला मोटारींचा मोठा नाद होता. बटण दाबताच गाडीच्या मागे इशाऱ्याची पट्टी वर यावी, अशी युक्ती तिने १९१४ च्या सुमारास काढल्याचे सांगतात. तिने पेटंट घेतले नाही, त्यामुळे त्यातून तिला काही मिळालेही नाही. पुढे युरोपात 'ट्रॅफिकेटर' आले. दाराच्या खांबात दडवलेला, आत दिवा असलेला पिवळसर पंख विद्युतचुंबकाच्या जोरावर बाहेर पडायचा. जुन्या मॉरिस मायनरला असे पंख होते. जर्मनीच्या बीटल मोटारीने तर ते युरोपात १९६० पर्यंत वागवले. हे पंख अडकून बसत. मग आतून खांबावर बुक्की मारायची, की पंख बाहेर! अमेरिकेत ब्यूक कंपनीने १९३९ च्या मोटारींना मागच्या बाजूला उघडझाप करणारे दिवे दिले आणि पंखांचे दिवस भरले.

ही उघडझाप महत्त्वाची. स्थिर दिव्याला डोळा लवकर सरावतो, बदलणाऱ्या उजेडाकडे तो आपोआप वळतो. पण दिवा लुकलुकवायचा कसा? त्या काळच्या तंत्रज्ञांनी काढलेले उत्तर फार साधे होते. दिव्याकडे जाणारा प्रवाह दोन वेगळ्या धातूंच्या जोडपट्टीतून न्यायचा. प्रवाहाने पट्टी तापते. दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून ती वाकते आणि जोड सुटतो. दिवा विझतो, पट्टी निवते, सरळ होते, पुन्हा जोड लागतो. आपल्या ओळखीची 'टिक-टिक' ती हीच. आपल्या नियमांनी इंडिकेटरचा रंग पिवळसर नारिंगी ठरवला आहे आणि उघडझाप मिनिटाला ६० ते १२० वेळा व्हावी, असे म्हटले आहे.

दुचाकीवर हे दिवे घराघरांत पोचवण्यात जपानी गाड्यांचा वाटा मोठा. होंडाची सुपर कब १९५८ मध्ये आली. एका हातात शेवयांच्या वाडग्यांचे तबक घेऊन घरोघर जाणाऱ्या पोऱ्यालाही ती चालवता यावी, हा त्या रचनेमागचा एक विचार होता. म्हणून तिला क्लचची मूठच नव्हती, आणि इंडिकेटरचे बटणही उजव्या हाताजवळ होते. जर्मनीत हँडलच्या दोन्ही टोकांना गोल दिवे बसवत. लोकांनी त्यांना 'बैलाचे डोळे' असे नाव ठेवले.

या साऱ्या दिव्यांत तारेचा बल्ब होता आणि तार म्हटली की ती तुटणार. एका सिलिंडरच्या इंजिनाची थरथर आणि रस्त्यावरचे खड्डे यांना तोंड देत किती दिवस टिकणार? शिवाय बल्बचा पांढरा उजेड पिवळ्या काचेतून गाळायचा, म्हणजे त्यातला बराचसा वायाच.

एलईडीचे मूळ मात्र या सगळ्याहून जुने आहे. १९०७ मध्ये हेन्री राउंड या इंग्रज अभियंत्याला सिलिकॉन कार्बाइडच्या स्फटिकातून वीज जाताना उजेड दिसला. रशियात ओलेग लोसेव्ह याने विसाच्या दशकात त्याचा कसून अभ्यास केला. १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात तो उपासमारीने मरण पावला. १९६२ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसणारा तांबडा एलईडी केला. १९७२ मध्ये जॉर्ज क्रॅफर्ड यांनी पिवळा केला. तरी भर दुपारी रस्त्यावर दिसावा इतका तेज नारिंगी एलईडी यायला नव्वदचे दशक उजाडले. यात तुटायला तार नाही, आणि रंग स्फटिकातूनच निघतो, गाळावा लागत नाही.

मग जुन्या मोटारसायकलला हे दिवे लावायला काय हरकत? हरकत नाही, पण तिथेच ती जुनी पट्टी आडवी येते. १० वॉटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर सुमारे १.७ अॅम्पिअर प्रवाह घेतात. एक वॉटचे दोन एलईडी त्याच्या दहाव्या हिश्शावर भागवतात. तेवढ्या प्रवाहाने पट्टी तापतच नाही आणि दिवा लुकलुकायचे विसरून नुसता पेटून राहतो. फ्लॅशर इलेक्ट्रॉनिक असेल, तर एक बल्ब गेला असे समजून तो दुप्पट वेगाने फडफडू लागतो. काही जण यावर दिव्याशेजारी रोध जोडतात. म्हणजे वाचवलेली वीज पुन्हा उष्णतेत घालवायची, वर जवळचे प्लास्टिक वितळण्याची भीती. भारावर अवलंबून नसलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवणे हा सरळ मार्ग.

दुसरी गंमत मीटरजवळच्या दिव्याची. पुष्कळ गाड्यांत दोन्ही बाजूंसाठी एकच इशारादिवा असतो आणि तो डाव्या-उजव्या तारांच्या मध्ये जोडलेला असतो. डावी बाजू चालू असताना त्याचा प्रवाह उजव्या बल्बमधून अर्थला जातो. तो इतका थोडा असतो की ते बल्ब पेटत नाहीत. एलईडीला मात्र तेवढाही पुरतो. परिणाम असा, की डावीकडे वळायचे म्हटले तर चारही दिवे लुकलुकतात! मागच्याने काय समजावे? उपाय दोन साध्या डायोडचा. दोन्ही बाजूंच्या तारा एकेका डायोडमधून इशारादिव्याकडे आणायच्या आणि त्याचे दुसरे टोक थेट अर्थला द्यायचे. डायोड प्रवाह एकाच दिशेने सोडतो, त्यामुळे परतीची वाट बंद होते. एलईडीही उलट्या तारांवर पेटत नाही, हे जोडताना ध्यानात ठेवावे.

हे सारे बिनचूक केले, तरी एक प्रश्न उरतो. हौसेखातर बोटाएवढे नाजूक किंवा निळे-पांढरे दिवे लावले जातात. रात्री ते शोभतात. उन्हात मागच्या ट्रकवाल्याला दिसतीलच असे नाही. शिवाय इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बहुधा मुका असतो. जुनी टिक-टिक आपल्याला इंडिकेटर बंद करायची आठवण देत असे. वळण संपल्यावरही चालू राहिलेला दिवा हा दिवा नसण्यापेक्षा घातक, कारण त्याच्यावर विसंबून कोणी तरी पुढे घुसतो. म्हणून बझर असलेला फ्लॅशर घेतलेला बरा.

आडवा धरलेला हात, खांबातून निघणारा पंख, तापणारी पट्टी आणि आजचा स्फटिक यांचे काम एकच: मी कुठे जाणार, हे अनोळखी माणसाला आधी सांगणे. तो माणूस त्या शब्दावर विश्वास ठेवून आपला वेग ठरवत असतो. बसवून झाल्यावर गाडी भर उन्हात स्टँडवर लावावी, दोन्ही बाजू चालू कराव्यात आणि वीस पावले मागे जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)