सरकारदप्तरी नसलेला राजदूत : आर्चबिशप रोंकाल्ली यांची वीस वर्षे

१/
डिसेंबर १९४४. इस्तंबूलमधील पोपच्या प्रतिनिधीच्या निवासस्थानी रोमहून सांकेतिक लिपीतील एक तार आली. त्रेसष्ट वर्षांचे आर्चबिशप आंजेलो ज्युसेप्पे रोंकाल्ली यांची पॅरिस येथे नेमणूक झाली होती. व्हॅटिकनच्या परराष्ट्र सेवेतील हे अत्यंत मानाचे पद. त्याआधीची जवळजवळ वीस वर्षे मात्र रोंकाल्ली अशा देशांत राहिले होते, जिथल्या सरकारांच्या लेखी त्यांच्या पदाला काहीही अर्थ नव्हता.

२/
हे समजण्यासाठी एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. पोपचे प्रतिनिधी मुख्यतः दोन प्रकारचे. पहिला ‘नुन्सिओ’. तो पूर्ण राजदूत असतो. पुणे दरबाराचा वकील जसा परदरबारी अधिकृतपणे रुजू होई, तसा तो राष्ट्रप्रमुखापुढे अधिकारपत्र सादर करतो. दुसरा ‘अपोस्टोलिक डेलिगेट’. त्याला पोप पाठवतो तो त्या देशातील कॅथलिक समाजाकडे, सरकारकडे नव्हे. सरकारने त्याला भेट नाकारली तरी त्याला तक्रार करता येत नाही.

३/
रोंकाल्लींचा जन्म २५ नोव्हेंबर १८८१ रोजी उत्तर इटलीत, बेर्गामोजवळच्या सोत्तो इल मोंते या खेड्यात, वाट्याने शेती कसणाऱ्या मोठ्या कुटुंबात झाला. १९०४ साली ते धर्मगुरू झाले. पहिल्या महायुद्धात सैन्याच्या वैद्यकीय पथकात त्यांनी सार्जंट म्हणून आणि नंतर धर्मगुरू म्हणून काम केले. मुत्सद्देगिरीचे औपचारिक शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते.

४/
मार्च १९२५ मध्ये त्यांना आर्चबिशपपदाची दीक्षा मिळाली आणि बल्गेरियाला जाण्याची आज्ञा झाली. बोधवाक्य म्हणून त्यांनी दोन शब्द निवडले : आज्ञापालन आणि शांती. बल्गेरियातील बहुसंख्य लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. कॅथलिक मूठभर, तेही बहुतांशी गरीब आणि विखुरलेले. रोंकाल्ली गावोगाव फिरले. १९२८ साली भूकंपाने चिर्पान आणि प्लोव्दिव्हचा परिसर उद्ध्वस्त झाला, तेव्हा त्यांनी मदतकार्य उभे केले.

५/
त्यांची पहिली मोठी राजकीय कसोटी एका लग्नाने घेतली. बल्गेरियाचे राजे तिसरे बोरिस ऑर्थोडॉक्स होते, तर वधू इटलीची कॅथलिक राजकन्या जोव्हान्ना. मुले कॅथलिक होतील या अटीवर रोमने संमती दिली. ऑक्टोबर १९३० मध्ये असिसी येथे कॅथलिक विधी झाला आणि अल्पावधीतच सोफियात ऑर्थोडॉक्स विधीही झाला. १९३३ साली जन्मलेल्या राजकन्येचा बाप्तिस्माही ऑर्थोडॉक्स पद्धतीने झाला. पोप अकरावे पायस संतापले, आणि ही नामुष्की रोंकाल्लींच्या वाट्याला आली. तरीही त्यांनी राजघराण्याशी संबंध तुटू दिला नाही. त्या संबंधाचे मोल दहा वर्षांनी कळणार होते.

६/
१९३४ च्या अखेरीस त्यांची बदली तुर्कस्तान आणि ग्रीससाठी झाली. मुक्काम इस्तंबूल. केमाल अतातुर्क यांच्या प्रजासत्ताकाने सार्वजनिक जीवनातून धर्माची चिन्हे हटवण्याचे धोरण कठोरपणे राबवले होते. नव्या कायद्यानुसार जून १९३५ पासून सर्वच धर्मांच्या धर्मगुरूंना प्रार्थनास्थळाबाहेर धार्मिक वेश घालण्यास बंदी झाली. अनेकांना तो अपमान वाटला. रोंकाल्लींनी साधा कोट-पाटलोण चढवला आणि कामाला लागले. पुढे चर्चमधील काही प्रार्थना तुर्की भाषेत म्हणण्याची प्रथाही त्यांनी सुरू केली. ती अनेक युरोपीय कॅथलिकांना रुचली नाही.

७/
१९३९ साली युद्ध सुरू झाले. तटस्थ तुर्कस्तानातील इस्तंबूल हे हेर, निर्वासित आणि मध्यस्थांचे शहर बनले. आता रोंकाल्लींच्या पदाचा दुबळेपणाच एका अर्थी उपयोगी पडू लागला. कुठल्याच सरकारशी अधिकृत व्यवहार नसल्याने ते दोन्ही बाजूंच्या लोकांना भेटू शकत होते. शिवाय शत्रुदेशांच्या सीमा ओलांडून जाणारी व्हॅटिकनची टपालाची थैली त्यांच्या हाताशी होती.

८/
पहिला प्रसंग ग्रीसचा. एप्रिल १९४१ मध्ये जर्मनी आणि तिच्या मित्रराष्ट्रांनी ग्रीस व्यापला. ताबा घेणाऱ्यांनी धान्य लुटले, तर ब्रिटिशांच्या नौदल-नाकेबंदीमुळे बाहेरून धान्य येईना. १९४१-४२ च्या हिवाळ्यात अथेन्सच्या रस्त्यांवर माणसे भुकेने मरू लागली. रोंकाल्ली अथेन्सला गेले आणि ऑर्थोडॉक्स आर्चबिशप दामास्किनोस यांना भेटले. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चमधील शतकांचा दुरावा पाहता ही भेटच मोठी गोष्ट होती. नाकेबंदीतून धान्य सोडण्याची विनंती त्यांनी रोममार्फत पुढे नेली. १९४२ साली रेडक्रॉसच्या व्यवस्थेतून धान्याची जहाजे नियमित येऊ लागली. या यशात अनेक देशांचा आणि संस्थांचा वाटा होता. रोंकाल्ली त्यांतील एक दुवा होते.

९/
दुसरा प्रसंग ज्यूंच्या जिवाचा. मार्च १९४३ मध्ये बल्गेरियाने आपल्या ताब्यातील थ्रेस, मॅसिडोनिया आणि पिरोत येथील ११,००० हून अधिक ज्यू जर्मनांच्या हवाली केले. त्यांतील जवळजवळ सर्व त्रेब्लिंका येथे मारले गेले. ३० जून १९४३ रोजी रोंकाल्लींनी राजे बोरिस यांना पत्र लिहून ज्यूंसाठी दयेची विनंती केली. बल्गेरियाच्या मूळ भूमीतील सुमारे ५०,००० ज्यू अखेर वाचले.

१०/
इथे इतिहासाच्या अभ्यासकाने सावध राहावे. हे ज्यू रोंकाल्लींमुळे वाचले असे सरसकट म्हटले जाते, पण तारखा वेगळे सांगतात. मार्चमध्ये संसदेचे उपाध्यक्ष दिमितर पेशेव्ह यांनी उघड विरोध केला. ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुख स्तेफान आणि किरिल ज्यूंच्या बाजूने उभे राहिले. निर्णायक दबाव देशाच्या आतून आला होता. रोंकाल्लींचे पत्र त्यानंतरचे. त्या पत्राचे मोल कमी नाही, पण त्याला एकट्याला श्रेय देणे हा पेशेव्ह आणि स्तेफान यांच्यावर अन्याय ठरेल.

११/
१९४४ साली हंगेरीत मृत्यूचा वेग कल्पनेपलीकडे गेला. मे महिन्याच्या मध्यापासून आठ आठवड्यांत ४ लाखांहून अधिक ज्यूंना हद्दपार करण्यात आले. त्यांतील बहुतेकांना आउशवित्झला नेले गेले. इस्तंबूलमधील ज्यू एजन्सीचे प्रतिनिधी हाइम बार्लास आणि अमेरिकेच्या युद्ध निर्वासित मंडळाचे आयरा हर्शमन यांनी रोंकाल्लींचे दार ठोठावले. पॅलेस्टाइनमध्ये स्थलांतराची परवानगी दर्शवणारी प्रमाणपत्रे बुडापेस्टला पोहोचवायची होती. रोंकाल्लींनी ती व्हॅटिकनच्या मार्गाने तेथील नुन्सिओ, आर्चबिशप आंजेलो रोत्ता यांच्याकडे पाठवली. रोत्ता स्वतःही हजारोंना संरक्षणपत्रे देत होते. कागदाचा तो तुकडा हाती असणे म्हणजे मृत्यू काही दिवस लांबवणे, आणि कधीकधी तेवढे पुरेसे ठरे.

१२/
या कार्यालाही दुसरी बाजू आहे. सप्टेंबर १९४३ मध्ये रोमला लिहिलेल्या पत्रात रोंकाल्लींनी ज्यूंना पॅलेस्टाइनकडे पाठवण्याच्या कल्पनेबद्दल अस्वस्थता व्यक्त केली होती. तेथे ज्यू राज्य पुन्हा उभे राहण्याला चर्चने हातभार लावावा का, हा त्यांचा प्रश्न होता. म्हणजे ते आपल्या काळाच्या आणि धर्मपरंपरेच्या समजुतींपासून मुक्त नव्हते. तरीही पुढच्याच वर्षी तीच प्रमाणपत्रे त्यांच्या हातून रवाना झाली. शंका मनात असताना केलेली ही कृती त्यांना संतचरित्रातील पुतळ्यापेक्षा अधिक खरी करते.

१३/
आता पॅरिस. मुक्त फ्रान्सचे नेते द गॉल यांना जर्मनधार्जिण्या विशी सरकारच्या काळातील नुन्सिओ वालेरिओ वालेरी नकोच होते. विशीला साथ देणाऱ्या बिशपांनाही काढा, असा नव्या सरकारचा आग्रह होता आणि त्यांची यादी लांबलचक होती. रोंकाल्लींनी घाई केली नाही. एकेका नावाचे पुरावे मागितले, वेळ जाऊ दिला, संताप निवू दिला. अखेरीस सात बिशप पायउतार झाले. चर्चची अब्रू राहिली आणि सरकारचा शब्दही राखला गेला. मात्र विशीशी हातमिळवणी केलेल्यांचा खरा हिशेब झाला का, हा प्रश्न फ्रान्समध्ये पुढेही विचारला गेला.

१४/
शार्त्रजवळ युद्धकैद्यांच्या छावणीत जर्मन तरुणांसाठी एक धर्मशिक्षण केंद्र चालत होते. तारेच्या कुंपणाआड धर्मगुरू फ्रांत्स श्टोक तेथे शिकवत. जर्मनांबद्दलचा द्वेष शिगेला पोहोचलेल्या त्या देशात पोपचा राजदूत या कैद्यांना अनेकदा भेटायला गेला. जानेवारी १९५३ मध्ये रोंकाल्ली कार्डिनल झाले, तेव्हा कार्डिनलची लाल टोपी त्यांच्या मस्तकी ठेवली ती फ्रान्सचे समाजवादी राष्ट्राध्यक्ष व्हँसाँ ऑरिओल यांनी.

१५/
२८ ऑक्टोबर १९५८ रोजी रोंकाल्ली ‘तेविसावे जॉन’ या नावाने पोप झाले. सत्त्याहत्तरीला टेकलेला हा वृद्ध चार दिवस गादी सांभाळेल, असे अनेकांना वाटले. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबातील क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर आले. तेव्हा पोप जॉन यांनी रेडिओवरून दोन्ही बाजूंना वाटाघाटींचे आवाहन केले. त्यात कुणालाही दोष दिलेला नव्हता. म्हणूनच निरीश्वरवादी सोव्हिएत पक्षाच्या ‘प्रावदा’ने ते ठळकपणे छापले. पेच सोडवला तो केनेडी आणि ख्रुश्चेव्ह यांनी, परंतु दोघांनाही मान खाली न घालता माघार घेता येईल अशी भाषा कशी असते, हे त्या आवाहनाने दाखवले. ३ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले.

१६/
त्यांच्या हाती सैन्य नव्हते, तह करण्याचा अधिकार नव्हता आणि बराच काळ राजदूताचा दर्जाही नव्हता. होती ती ओळख, टपालाची थैली आणि समोरच्याला अपमानित न करण्याची सवय. एवढ्या भांडवलावर काही जीव वाचले. असंख्य वाचले नाहीत, हेही तितकेच खरे.

१७/
एक नोंद शेवटी. दहा वर्षे इस्तंबूलमध्ये राहूनही तुर्की सरकारच्या दप्तरी रोंकाल्ली कधीच राजदूत नव्हते. १९६० साली तुर्कस्तान आणि व्हॅटिकन यांच्यात प्रथमच पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले. त्या वेळी पोपच्या आसनावर होते तेच, कोट-पाटलोण घालून इस्तंबूलच्या रस्त्यांवरून फिरलेले रोंकाल्ली.