जॉबर पद्धती

मुंबईच्या कापडगिरण्यांत कामगारांची भरती, त्यांच्या कामावरील देखरेख आणि चुकीबद्दल शिक्षा ही तिन्ही कामे एकाच मध्यस्थाच्या हाती ठेवणारी व्यवस्था. या मध्यस्थास जॉबर किंवा मुकादम म्हणत. स्त्रियांच्या खात्यांत हेच काम नाइकीण करी.

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली व ती १८५६ मध्ये चालू झाली. प्रारंभीचे अनेक व्यवस्थापक व तंत्रज्ञ लँकाशरचे होते. रत्नागिरी, सातारा इ. जिल्ह्यांतून येणाऱ्या कामगारांची भाषा त्यांना येत नसे. ही उणीव जॉबरने भरून काढली. तो यंत्रांची किरकोळ दुरुस्ती करी, नवख्यांना काम शिकवी आणि सूत वारंवार का तुटते याचा शोध घेई. विणाई खात्यात त्याची मिळकत हाताखालील मागांच्या उत्पादनाशी निगडित असल्याने त्याची नजर कडक राही. तथापि कामावर घेण्याचा व काढून टाकण्याचा अधिकारही त्याच्याकडेच असल्यामुळे कामातील दोष आणि जॉबरची गैरमर्जी यांत भेद करणे कठीण होई. नोकरी मिळविण्यासाठी व टिकविण्यासाठी त्यास दस्तुरी द्यावी लागे. काही जॉबर सावकारी करीत किंवा राहण्याजेवण्याची सोय लावून देत. त्यामुळे गिरणीबाहेरही कामगार त्यांच्या कह्यात राही.

दंड ही दुरुस्तीची नेहमीची रीत होती. कापडात दोष आढळल्यास ते विणकराच्या माथी मारून त्याची किंमत वेतनातून कापीत. दोष हलक्या सुताचा की हाताचा, याची चौकशी क्वचितच होई आणि ही प्रथा कामगारांस विशेष जाचक वाटे.

व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरकडून भरतीचा अधिकार काढून घेण्याची व कामगार अधिकारी नेमण्याची शिफारस केली. मुंबई सरकारने १९३४ च्या कायद्यान्वये असा अधिकारी नेमला. १९३५ पासून गिरणीमालक संघाने बदली कामगारांना दरमहा ओळखपत्रे देऊन तात्पुरत्या जागा त्यांतूनच भरण्याची पद्धत सुरू केली. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने दंडाची मर्यादा वेतनाच्या रुपयामागे अर्ध्या आण्यावर आणली. दंडापूर्वी कामगाराचे म्हणणे ऐकणे आवश्यक केले आणि दंडाची रक्कम कामगारांच्याच हितासाठी खर्चण्याचे बंधन घातले. १९४६ च्या स्थायी आदेश अधिनियमान्वये गैरवर्तन कशास म्हणावे हे लेखी ठरविणे मालकांवर बंधनकारक झाले.

एवढ्याने जॉबर नाहीसा झाला नाही. कामगार अधिकाऱ्यास हजेरीपट व तक्रारअर्ज तपासता येत. माग कोणास चांगला चालविता येतो हे मात्र त्यास कळत नसे. त्यासाठी त्यास पुन्हा जॉबरलाच विचारावे लागे.