मागावरून उतरलेला रोबो

मुलांच्या खेळण्यातल्या रोबोची कुळकथा बहुधा घड्याळजीच्या दुकानातून सुरू होते; चावी दिली की बासरी वाजवणारा बाहुला त्याचा पूर्वज ठरतो. पण यंत्राला हालवणे वेगळे आणि त्याला हुकूम देणे वेगळे. मूल रोबोला शिकवते ते दुसरे, आणि त्याचे घराणे विणकरांचे आहे. ती कथा बुऱ्हाणपुरात सांगणे सयुक्तिक, कारण सतराव्या शतकात तापीकाठच्या या शहरातले कापड इराण-तुर्कस्तानापर्यंत जाई आणि आजही इथे यंत्रमागांचा खडखडाट असतो.

1804 च्या सुमारास ल्यों शहरात जोसेफ मारी जकार्डने भोकांच्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग सिद्ध केला. भोक असेल तिथला ताण्याचा धागा वर उठतो, नसेल तिथला खालीच राहतो. बाण्याच्या दर फेरीला एक पुठ्ठा. नक्षी बदलायची तर पुठ्ठ्यांची माळ बदलायची, माग तोच.

बाहुल्यांचे पक्षकार इथे वोकांसाँला पुढे करतात. त्याने 1738 मध्ये खुंट्यांच्या नळकांड्यावर चालणारा बासरीवादक दाखवला, 1741 मध्ये तो रेशीम कारखान्यांचा निरीक्षक झाला आणि 1745 मध्ये त्याने स्वयंचलित माग केला. म्हणजे कल्पना खेळण्यातून मागात आली! युक्तिवाद वजनदार आहे, पण तारखा आड येतात. बूशाँने 1725 मध्येच भोकांची कागदी पट्टी मागाला लावली होती, तिच्या जागी फाल्काँने लवकरच पुठ्ठे आणले. बूशाँ ऑर्गन बनवणाऱ्याचा मुलगा होता असे सांगतात, म्हणजे खुंट्यांची कल्पना तिथूनही आली असेल. तरीही नळकांड्यावर सूर कायमचा ठोकलेला असतो. हुकूम यंत्रापासून सुटा आणि स्वस्त करण्याची निकड विणकरालाच होती, कारण ग्राहकाला सतत नवी नक्षी हवी असे. शोध तिथेच लागणार होता.

पुढे बॅबेजने 1836 मध्ये आपल्या गणनयंत्रासाठी पुठ्ठे घेतले, होलरिथने 1890 च्या अमेरिकी जनगणनेत ते वापरले. 1967 मध्ये पेपर्ट, फॉयरझाइग आणि सॉलोमन यांची मुलांसाठीची लोगो भाषा आली. जमिनीवर रेघा काढत चालणारे तिचे कासव हा आजच्या खेळण्यांचा थेट पूर्वज.

कासवाचे दुसरे मूळ ग्रे वॉल्टरने ब्रिस्टलमध्ये 1948-49 साली केलेल्या, उजेडाकडे वळणाऱ्या यंत्र-कासवांत शोधतात. स्पर्श-उजेड ओळखणे ही खरोखर वेगळी शाखा आहे, पण मागाने तीही आधीच साधली होती. साध्या यंत्रमागावर नक्षीचा हुकूम नसतो. धोट्याच्या वाटेवर मात्र बारीक पोलादी काटा असतो. बाणा आला की धागा काट्याला ढकलतो आणि त्याची शेपटी उचलली जाते. बाणा तुटला की शेपटी खालीच राहते, हलत्या हातोड्यात अडकते आणि माग थांबतो. लँकशायरच्या मागांवर अशी सोय 1840 च्या दशकातच होती.

शाळेतला रेघेवर चालणारा रोबो याच दोन गोष्टी एकत्र आणतो. पांढऱ्या कागदावर काळी पट्टी, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक प्रकाश-संवेदक. डावा संवेदक काळ्यावर आला की डावी मोटर थांबते, उजवी चालू राहते आणि गाडी डावीकडे वळून पुन्हा रेघेवर येते. 1998 चा लेगोचा माइंडस्टॉर्म्स संच किंवा 2016 पासूनच्या अटल टिंकरिंग लॅबमधला आर्डुइनो, गणित हेच. शिकवताना आधी चौकटीच्या कागदावर भरलेल्या-रिकाम्या घरांची नक्षी, मग त्याच क्रमाने हुकूम आणि शेवटी संवेदक, हा क्रम विणकराच्या घरातल्या मुलाला सर्वात लवकर पटेल.