व्हॅक्सिन डेपो : नावामागची लस

टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपो बेळगावकरांना नवा नाही. मोठी झाडे, मोकळे मैदान, जुन्या इमारती आणि सकाळ-संध्याकाळ फिरायला येणारी मंडळी, एवढीच त्याची ओळख आता बहुतेकांना आहे. हा डेपो कशाचा आणि तो बेळगावात का, हे मात्र घरातल्या मुलांनी विचारले तर आपल्यापैकी अनेकांना नेमके सांगता येत नाही. म्हणून ही माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

देवीचा रोग

देवी हा विषाणूमुळे होणारा रोग. ताप येई, मग अंगभर फोड उठत. लस न घेतलेल्या रुग्णांपैकी साधारण दहातील तिघे दगावत. जे वाचत त्यांच्या चेहऱ्यावर कायमचे व्रण राहत आणि काहींची दृष्टी जाई. रोगावर औषध नव्हते. 'देवी आल्या' असे म्हणून घरात पथ्य पाळले जाई आणि देवीची करुणा भाकली जाई. कांजिण्यांना काही घरांत देवी म्हणतात, पण तो वेगळ्या विषाणूचा आणि बराच सौम्य रोग आहे. या लेखात देवी म्हणजे तो जुना, जीवघेणा रोग.

१७९६ मध्ये इंग्लंडमधील डॉक्टर एडवर्ड जेन्नर यांनी गाईंच्या देवीची लागण झालेल्या एका गवळणीच्या हातावरील फोडातील द्रव एका मुलाच्या दंडावर टोचला. पुढे त्या मुलाला देवीची बाधा झाली नाही. लॅटिनमध्ये गाईला 'वाक्का' म्हणतात, त्यावरून 'व्हॅक्सिन' हा शब्द आला. आपला मराठी शब्दही याच कामातला आहे. फोडातून पाझरणारा पातळ, चिकट द्रव म्हणजे लस. तोच द्रव टोचत, म्हणून टोचण्याच्या औषधालाच लस हे नाव पडले. आज ज्या लशींत असा कोणताही द्रव नसतो, त्यांनाही आपण लसच म्हणतो.

दंडावरून दंडावर

लस सापडली, तरी ती हिंदुस्थानात आणायची कशी? वाटेतील उन्हाने ती निकामी होई. शेवटी व्हिएन्नाहून बगदाद आणि बसऱ्यामार्गे ती मुंबईला पोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. या देशात यशस्वीपणे लस मिळालेली ती पहिली व्यक्ती. तिच्या दंडावरच्या फोडातून पुढच्या मुलांना लस दिली गेली आणि मुंबईहून ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रासकडे गेली.

पुढे अनेक दशके हीच रीत चालली. एका मुलाला टोचायचे, आठवडाभराने त्याचा फोड उघडून त्यातील लस दुसऱ्याला द्यायची. साखळी तुटली की लस संपली. शिवाय एकाचा दुसरा रोगही या वाटेने पुढच्याला लागू शके. आपल्या लेकराचा फोड कोणी उघडावा हे आईबापांना सहन होत नसे आणि परजातीच्या मुलाच्या अंगातले काही आपल्या मुलाच्या अंगात जावे हेही अनेकांना मान्य नव्हते. लोकांच्या विरोधाला नुसते अज्ञान म्हणून मोकळे होता येत नाही. त्यातल्या काही शंका खऱ्या होत्या आणि पद्धत बदलल्यावरच त्या मिटल्या.

बेळगावचे काम

ही पद्धत वासरांच्या लशीने बदलली. वासराच्या किंवा रेडकाच्या पोटावरील केस काढून कातडीवर बारीक ओरखडे घेत आणि तेथे लस लावत. काही दिवसांनी उठलेले फोड खरवडून तो गर ग्लिसरीनमध्ये घोटत. ग्लिसरीनमुळे त्यातील इतर जंतू हळूहळू मरत आणि लस थंड जागी बराच काळ टिके. एका जनावरापासून पुष्कळ लोकांना पुरेल इतकी लस मिळू लागली आणि माणसांच्या साखळीची गरज उरली नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्याला अशी लस पुरवणारी संस्था बेळगावात होती. तोच आपला व्हॅक्सिन डेपो. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवरचे हे गाव आणि इथली थंड हवा अशा नाजूक कामाला सोयीची होती. इलाख्याच्या दूरदूरच्या गावांत 'देवी काढणारे' जात, त्यांच्या पेटीतील लस इथे तयार होई. १९५६ मध्ये राज्ये बदलली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, तरी इथले काम थांबले नाही.

१९६२ मध्ये देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा मोठी अडचण उन्हाची होती. ग्लिसरीनमधील पातळ लस आपल्या उन्हाळ्यात लवकर कमजोर होई. टोचल्याची नोंद होई, पण संरक्षण मिळेलच असे नसे. यावर उपाय होता गोठवून सुकवलेल्या लशीचा. ही भुकटी ३७ अंश सेल्सियसलाही महिनाभर टिके आणि टोचण्याआधी द्रवात कालवून वापरता येई. भारतात ती तयार करणाऱ्या मोजक्या संस्थांत मद्रासजवळील गिंडी, नैनितालजवळील पटवाडांगर आणि हैदराबाद यांच्यासोबत बेळगावचे नाव होते. सोव्हिएत संघानेही मोठ्या प्रमाणावर लस दिली.

शेवटची लढाई

टोचण्याचे साधनही बदलले. आधी दातेरी चकती दंडावर फिरवीत. ती दुखे आणि मोठा व्रण ठेवी. नंतर दोन टोकांची सुई आली. तिला लस कमी लागे आणि थोड्या शिकवणीनंतर कोणालाही ती वापरता येई. तरीही १९७४ मध्ये देशात देवीचे सुमारे १ लाख ८८ हजार रुग्ण नोंदले गेले, त्यांतले सर्वाधिक बिहारमध्ये. मग भर दिला गेला तो शोधावर. घरोघर जाऊन रुग्ण शोधायचा, त्याला वेगळे ठेवायचे आणि भोवतालच्या सर्वांना लगेच लस द्यायची. रुग्णाची खबर देणाऱ्याला बक्षीस होते आणि अखेरीस ते एक हजार रुपयांवर गेले. मे १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण सापडला नाही. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले.

जेन्नरच्या प्रयोगापासून या दिवसापर्यंत १८४ वर्षे गेली. शोध एका दिवसात लागला असेल, पण तो प्रत्येक दंडापर्यंत नेण्यात एवढा काळ लागला. ते काम लस बनवणाऱ्या, जपणाऱ्या, पाठवणाऱ्या आणि पायपीट करून टोचणाऱ्या माणसांचे होते. त्यांतल्या बहुतेकांची नावे कुठे लिहिलेली नाहीत.

आज आपल्यासाठी

देवीची लस आता नेहमीच्या लसीकरणात नाही. तरुणांच्या दंडावर दिसणारी लहान खूण बहुधा क्षयाविरुद्धच्या बीसीजी लशीची असते. पण गोवर गेलेला नाही. तो अतिशय वेगाने पसरतो आणि त्याला रोखायला समाजातील ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात. सरकारी वेळापत्रकाप्रमाणे गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत असतो. दुसरा डोस राहून जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. घरातील मुलाचे लसीकरण कार्ड एकदा काढून पाहावे आणि राहिलेला डोस जवळच्या आरोग्य केंद्रात विचारावा. लशीबद्दल शंका असेल तर तीही तेथेच मोकळेपणाने विचारावी.

आणखी एक विनंती. ज्यांच्या घरी कोणी डेपोत नोकरीला होते, किंवा ज्यांनी देवी काढणाऱ्यांबरोबर गावोगाव काम केले, त्यांच्या आठवणी, जुनी छायाचित्रे, कागद असतील तर ते मंडळाकडे द्यावेत. इमारती उभ्या आहेत, पण आत काय चाले हे प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आता थोडी राहिली आहेत.