गोळ्यांनी गर्भपात : निर्णयापूर्वी जाणून घ्यावे असे काही

पाळी चुकते, तपासणी पट्टीवर दोन रेषा उमटतात आणि हे गर्भारपण पुढे न्यायचे नाही, असे ठरते. अशा वेळी अनेकजणी डॉक्टरांकडे न जाता औषधाच्या दुकानात कुणाला तरी धाडतात. लाज, भीती आणि चारचौघांत बोभाटा होण्याची धास्ती ही त्यामागची कारणे. वास्तविक हा उपचार भारतात कायदेशीर आहे आणि योग्य वेळी, योग्य देखरेखीखाली केल्यास सुरक्षितही. धोका उद्भवतो तो अर्धवट माहितीमुळे.

गोळ्या कसे काम करतात?

या उपचारात दोन औषधे वापरली जातात. पहिले मिफेप्रिस्टोन. गर्भ टिकवून धरणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे कार्य ते रोखते. दुसरे मिसोप्रोस्टॉल. त्यामुळे गर्भाशयाचे मुख सैल होते, गर्भाशय आकुंचन पावते आणि गर्भ बाहेर टाकला जातो. भारतात मिळणाऱ्या संचात मिफेप्रिस्टोनची २०० मिलिग्रॅमची १ गोळी व मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या ४ गोळ्या असतात. दोन्ही औषधांत साधारणतः २४ ते ४८ तासांचे अंतर ठेवतात. दुसरे औषध कशा प्रकारे घ्यायचे, हे डॉक्टर सांगतात.

असुरक्षित संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यावयाची तातडीची गर्भनिरोधक गोळी ही याहून सर्वस्वी वेगळी आहे. ती गर्भधारणा टाळते. राहिलेला गर्भ पाडत नाही.

आठवड्यांचा हिशेब

भारतात या संचाला गर्भारपणाच्या ६३ दिवसांपर्यंत, म्हणजे ९ आठवड्यांपर्यंत मान्यता आहे. हे दिवस संबंध आल्यापासून नव्हे, तर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे असतात. येथेच अनेकींची गफलत होते. पाळी चुकून दोन आठवडे झाले, तर नियमित चक्र असणाऱ्या स्त्रीचे गर्भारपण सुमारे सहा आठवड्यांचे असते. पाळी अनियमित असल्यास किंवा तारीख आठवत नसल्यास सोनोग्राफी उपयोगी पडते. ९ आठवडे उलटले म्हणजे सारे मार्ग खुंटले, असे मात्र नाही. रुग्णालयात अन्य पद्धती उपलब्ध असतात.

तपासणी का हवी?

गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुधा गर्भनलिकेत, रुजला असेल तर या गोळ्यांचा उपयोग होत नाही. नलिका फुटून पोटात रक्तस्राव झाल्यास जिवावर बेतते. घरी केलेल्या लघवीच्या चाचणीतून गर्भ कोठे रुजला आहे हे कळत नाही. डॉक्टरांकडे जाण्याचे हे सर्वांत मोठे कारण.

तीव्र रक्तक्षय, रक्त गोठण्याचे विकार, रक्त पातळ करणारी औषधे, दीर्घकाळ चाललेले स्टेरॉइड, अधिवृक्क ग्रंथीचा जुनाट विकार, पॉर्फिरिया हा आनुवंशिक आजार किंवा या औषधांची ॲलर्जी असल्यास ते आधीच सांगावे. तांबी बसविलेली असेल तर ती प्रथम काढावी लागते. पूर्वी सिझेरियन झाले असले, तरी एवढ्या लवकरच्या टप्प्यात केवळ त्या कारणाने हा उपचार नाकारला जात नाही.

काय अपेक्षित आहे?

पहिल्या गोळीनंतर बहुतेकींना फारसे काही जाणवत नाही. दुसऱ्या औषधानंतर काही तासांत पोटात कळा व रक्तस्राव सुरू होतो. तो नेहमीच्या पाळीपेक्षा अधिक असतो व गाठीही पडतात. मळमळ, जुलाब, थंडी वाजून येणारा अल्पकाळचा ताप ही सर्वसाधारण लक्षणे होत. वेदनाशामक गोळी घेता येते. त्या दिवशी घरी विश्वासाचे कुणी असावे आणि रात्री-अपरात्री रुग्णालय गाठण्याची सोय आधीच पाहून ठेवावी. हलका रक्तस्राव दोन आठवडे वा थोडा अधिक काळ चालू शकतो.

पुढील लक्षणे दिसल्यास विलंब न करता रुग्णालयात जावे :

• सलग दोन तास, दर तासाला दोन किंवा अधिक मोठे पॅड पूर्ण भिजणे
• दुसऱ्या दिवशीही टिकणारा ताप किंवा दुर्गंधीयुक्त स्राव
• औषधाने न थांबणारी पोटदुखी, खांदा दुखणे, भोवळ येणे
• मिसोप्रोस्टॉलनंतर २४ तासांतही रक्तस्राव न होणे

डॉक्टरांना घेतलेल्या गोळ्यांविषयी खरे सांगावे. उपचार त्यावरच ठरतात.

फेरतपासणी टाळू नये

सुमारे ९५ टक्क्यांहून अधिक स्त्रियांमध्ये उपचार पूर्ण होतो. उरलेल्यांत अंश शिल्लक राहतो किंवा क्वचित गर्भ वाढत राहतो. मिसोप्रोस्टॉलमुळे अशा गर्भात व्यंग निर्माण होण्याचा संभव असतो. म्हणून दोन आठवड्यांनी तपासणी आवश्यक आहे. लघवीची चाचणी मात्र काही आठवडे ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते; तिच्यावर विसंबू नये. पुढील पाळीपूर्वीही पुन्हा गर्भ राहू शकतो, तेव्हा गर्भनिरोधनाचा विचार त्याच भेटीत करावा. व्यवस्थित पार पडलेल्या उपचाराने वंध्यत्व येत नाही.

कायदा काय सांगतो?

१९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ मध्ये सुधारणा झाली. कायद्यातील कारणांसाठी २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत, पात्र डॉक्टरचे मत पुरते. गर्भनिरोधक अयशस्वी ठरल्याचे कारण आता अविवाहित स्त्रीलाही लागू आहे. १८ वर्षे पूर्ण झालेल्या, निर्णयक्षम स्त्रीची स्वतःची लेखी संमती पुरेशी असते. पतीची वा सासरची संमती कायदा मागत नाही. अल्पवयीन मुलीसाठी पालकांची संमती लागते. स्त्रीचे नाव व तपशील गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक असून त्याचा भंग केल्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

शासकीय रुग्णालये कायद्यानेच गर्भपातासाठी मान्य स्थळे ठरतात. गोव्यात बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, तसेच म्हापसा व मडगाव येथील जिल्हा रुग्णालये त्यांत मोडतात. खासगी केंद्राकडे मान्यतापत्र आहे का, हे विचारण्याचा रुग्णाला अधिकार आहे. निर्णय स्त्रीचा असतो. तो जितका लवकर डॉक्टरांपर्यंत पोहोचतो, तितका उपचार सोपा होतो.